पऱ्हाटीचा हिशोब द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : प्रधानमंत्री जी-वन योजनेतून कापसाच्या पऱ्हाटीवरील प्रात्यक्षिक प्रकल्प जालना जिल्ह्यात उभारण्याबाबत

महोदय,

थेट आकड्यांवर येतो. २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण निघाले. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांना सहा वर्षांत ५००० कोटी रुपयांचा आधार देऊ, असे तेव्हा सांगितले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने जी-वन योजना मंजूर केली, तोवर तो आकडा १९६९ कोटी ५० लाखांवर उतरला होता. त्यातले १८०० कोटी बारा व्यापारी प्रकल्पांसाठी. दहा प्रात्यक्षिक प्रकल्पांसाठी, म्हणजे नवे तंत्र लहान प्रमाणावर पारखून पाहण्यासाठी, फक्त १५० कोटी. एका प्रकल्पाला जास्तीत जास्त १५ कोटी. पाच हजारांचे दोन हजार झाले, दोन हजारांत दीडशे उरले, दीडशेत पंधरा. ऑगस्ट २०२४ मध्ये या योजनेची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढली. जालन्याच्या पऱ्हाटीपर्यंत, म्हणजे वेचणीनंतर रानात उरणाऱ्या कापसाच्या झाडांपर्यंत, यातला एक रुपया आलेला नाही.

आता आमच्याकडचा हिशोब. जालना जिल्ह्यात कापूस अडीच ते तीन लाख हेक्टरांवर असतो. कमीतला आकडा धरतो, अडीच लाख. हेक्टरी वाळलेली पऱ्हाटी दोन टन धरतो, तीही हात राखून. एका जिल्ह्यात, एका हंगामात, पाच लाख टन काडी होते. पंतप्रधानांनी १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतच्या ज्या प्रकल्पाचे लोकार्पण केले, त्याला वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा लागतो आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल अपेक्षित आहे. त्या प्रकल्पावर ९०० कोटींहून जास्त खर्च झाला. आमच्या एका जिल्ह्याचा कच्चा माल तशा दोन प्रकल्पांना पुरून उरेल एवढा आहे, आणि महाराष्ट्रात असे कापसाचे जिल्हे डझनाहून जास्त आहेत. देशात सर्वांत जास्त कापूस याच राज्यात पेरला जातो.

तरी पानिपतला भात, भटिंड्याला भात, ओडिशातल्या बारगढला भात, आसामातल्या नुमालीगढला बांबू. त्या भागांबद्दल माझी तक्रार नाही. पंजाब-हरियाणात पेंढा जाळल्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो, म्हणून दिल्लीला तो दिसला. पऱ्हाटी जाळल्याचा आमचा धूर बदनापूर-भोकरदनच्या शिवारातच राहतो. त्यामुळे तो कुणाच्या टिपणीत येत नाही.

पऱ्हाटी म्हणजे पेंढा नव्हे, हे आपल्या तज्ज्ञांना मी सांगायला नको. ती लाकडाच्या जातीची आहे. पेंढ्यापेक्षा तिच्यात लिग्निन जास्त असते, आणि साखर मोकळी करायची तर आधी ते फोडावे लागते. भाताच्या पेंढ्यासाठी बसवलेले यंत्र पऱ्हाटीला तसेच्या तसे चालणार नाही. ती उपटायची कशी, शेतातच बारीक करायची की कारखान्यात, ट्रॉलीत पोकळ भरते म्हणून वाहतूक महाग पडते त्यावर उपाय काय, जानेवारीत गोळा केलेली काडी पावसाळ्याआधी कुठे आणि कशी ठेवायची, किती काडी रानात परत गाडायची म्हणजे जमिनीचा कस राहील, हे सगळे प्रश्न संशोधनाचे आहेत. शेवटचा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी झाला आहे. सगळी काडी उचलून न्या, असे मी कधीच म्हणणार नाही. पण किती न्यायची आणि किती ठेवायची हे जालन्याच्या काळ्या रानात मोजूनच कळेल. पानिपतच्या अहवालात त्याचे उत्तर सापडणार नाही.

आणि हे संशोधन शून्यातून सुरू करायचे आहे, असेही नाही. मला सर्वांत जास्त चीड येते ती इथेच. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे माटुंग्याच्या जुन्या यूडीसीटीत, केंद्राच्याच जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशाने ऊर्जा-जैवविज्ञान केंद्र उभे राहिले. त्यांच्या तंत्राचा दिवसाला दहा टन काडी पचवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प एप्रिल २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला सुरू झाला. त्या वेळी सरकारने जे पत्रक काढले, त्यात हे तंत्र कोणकोणत्या काडीवर चालते याची यादी होती. त्या यादीत कापसाच्या पऱ्हाटीचे नाव स्पष्ट होते. चोवीस तासांत काडीचे अल्कोहोल, असा दावा होता. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच संस्थेचे मराठवाडा संकुल जालन्यात सुरू झाले. सिरसवाडीला त्यासाठी दोनशे एकरांच्या आसपास जमीन देण्यात आली.

म्हणजे तंत्र महाराष्ट्रातल्या संस्थेचे, पैसा केंद्राचा, यादीत पऱ्हाटीचे नाव, संस्थेचे संकुल जालन्यात आणि काडी त्या संकुलाच्या कुंपणापलीकडे. तरीही या सगळ्यांना एकत्र आणणारा १५ कोटींचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प आपल्या योजनेला सुचू नये? त्या संकुलात आमची मुले रसायन अभियांत्रिकी शिकतात. त्यांच्या हातात परीक्षानळीऐवजी दिवसाला दहा टनांचा प्रकल्प द्या आणि पाच वर्षांनी निकाल विचारा.

पऱ्हाटी पडून राहण्याचे आणखी एक नुकसान आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. तेव्हापासून दर वर्षी कृषी खाते सांगते : फरदड (हंगामानंतर त्याच झाडांचे पुन्हा पीक) घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी उपटा, बांधावर गंजी रचून ठेवू नका, कारण किडक्या बोंडांत अळी दबून बसते आणि पुढच्या पिकावर येते. सल्ला शंभर टक्के खरा आहे. पण उपटायला मजूर लागतात, मजुरी रोख द्यावी लागते, आणि उपटलेल्या पऱ्हाटीला गिऱ्हाईक नाही. थोडी चुलीला जाते, थोडी वीटभट्टीला, थोडी काडी दाबून जळणाचा ‘पांढरा कोळसा’ करणाऱ्यांकडे. बाकीच्या काडीला शेतकरी काडी लावतो किंवा रोटाव्हेटर फिरवतो, आणि ज्याच्याजवळ दोन्हींसाठी पैसे नसतात त्याच्या बांधावर ती पावसाळ्यापर्यंत पडून राहते. सरकारचे एक खाते म्हणते, ही काडी रानातून हलवा. ती हलवायला ज्याच्याकडे योजना आहे ते दुसरे खाते इकडे बघतही नाही. पऱ्हाटीला क्विंटलमागे उपटणीची मजुरी आणि वर थोडे काही सुटले, तर बोंडअळीचा बंदोबस्त शेतकरी स्वतःहून करील. त्यासाठी भित्तिपत्रके छापावी लागणार नाहीत.

पैसा नाही, असे मात्र कृपया सांगू नका. पेट्रोलमधले इथेनॉल २०१४ मध्ये दीड टक्का होते, २०२५ मध्ये २० टक्के झाले. उद्दिष्ट २०३० चे होते, ते पाच वर्षे आधी गाठले. सरकारला जे मनापासून करायचे असते ते किती वेगाने होते, याचा हा पुरावाच आहे. पण हे २० टक्के आले कशातून? ऊस, मका आणि तांदूळ. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ राखून ठेवला गेला. इथेनॉलवाल्यांना तो क्विंटलला २२५० रुपयांनी, आणि त्याच सुमारास खुल्या बाजारातल्या खासगी खरेदीदाराला २८०० रुपयांनी. क्विंटलमागे ५५० रुपयांचा फरक. राखलेला सगळा तांदूळ उचलला गेला असे धरले, तर एका वर्षात नुसता हा फरक अडीच हजार कोटींच्या वर जातो. काडीकचऱ्याच्या अख्ख्या योजनेला मूळ मंजुरीत सहा वर्षांसाठी दिलेल्या रकमेपेक्षा हा आकडा मोठा आहे. अन्न खाते आपले नाही, हे मला माहीत आहे. पण तो तांदूळ शेवटी आपल्या खात्याच्या तेल कंपन्यांच्या टाक्यांत उतरतो.

उसाचे काय? नीती आयोगाच्याच जून २०२१ च्या अहवालात लिहिले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागते. हा आकडा २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळलेल्या जिल्ह्यात वाचून पाहा. अंबड-घनसावंगीच्या कालव्याखाली ऊस आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. पण बाकीच्या जिल्ह्याला इंधन पिकवायचे असेल तर पाण्याचा एक थेंबही जास्त न मागणारी वस्तू पऱ्हाटी आहे. ती आधीच उगवलेली आहे.

आधी घोषणा आणि मागाहून संशोधन, हा क्रम आम्ही एकदा भोगला आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने देशात एक कोटी हेक्टरहून जास्त पडीक जमिनीवर जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड, लावायचे स्वप्न मांडले. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. कोरडवाहू रानात खात्रीचे उत्पन्न देणारे वाण हाती नव्हते, आणि लोकांना रोपे लावायला सांगितली गेली. २०१७ साल आले तेव्हा डिझेलमधले प्रमाण एक टक्क्यालाही पोहोचले नव्हते. गॅसचेही तसेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजनेतून २०२३-२४ पर्यंत कचऱ्यापासून बायोगॅसचे ५००० प्रकल्प उभारायचे ठरले. मुदत संपली तेव्हा देशभरातले चालू प्रकल्प शंभरही नव्हते. औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के काडीच्या कांड्या जाळायचे धोरण ऑक्टोबर २०२१ चे आहे आणि परळीचे केंद्र शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. आमच्या शिवारातून पऱ्हाटी मागायला कोणी आलेले नाही.

आम्ही काही कापूस उत्पादकांनी मिळून निवेदने दिली, नकाशे जोडले, गावनिहाय क्षेत्र जोडले. एका कार्यालयाने हे कृषीचे काम म्हणून परत पाठवले, दुसऱ्याने ऊर्जेचे म्हणून, तिसऱ्याने उद्योगाचे म्हणून. कोणाचे नाव घेत नाही, कारण खुर्चीवरची माणसे बदलत गेली आणि उत्तर तेच राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० च्या वेळी भारताच्या पुढाकाराने जागतिक जैवइंधन आघाडी उभी राहिली. जगाला एकत्र आणणाऱ्या देशात तीन खाती एका पऱ्हाटीसाठी एकत्र येत नाहीत, हे आम्ही कोणत्या तोंडाने मान्य करायचे?

म्हणून हे खुले पत्र. आमच्या मागण्या मोजक्या आहेत. जी-वन योजनेच्या वाढीव मुदतीत पऱ्हाटीसाठी स्वतंत्र प्रात्यक्षिक प्रकल्प मंजूर करावा आणि तो जालन्यात, रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या संकुलाला जोडून उभारावा. त्यात काडी गोळा करणे, साठवणे आणि जमिनीचा कर्ब या तिन्हींच्या अभ्यासाला वेगळी रक्कम असावी, नाहीतर सगळा पैसा लोखंडी टाक्यांत जाईल. पऱ्हाटीचा खरेदीदर आधी जाहीर करावा, उपटणीची मजुरी धरून. यंत्र बसल्यावर दर ठरवू, हे आम्ही मानणार नाही. आणि २०१८ चे ५००० कोटी कुठे थांबले, आतापर्यंत किती प्रात्यक्षिक प्रकल्पांना किती रक्कम प्रत्यक्ष पोहोचली, याचा राज्यनिहाय तक्ता मराठीत प्रसिद्ध करावा.

यातले काही करता येत नसेल, तर कोणत्या नियमामुळे येत नाही ते लेखी कळवावे. वेचणी डिसेंबर-जानेवारीत उरकते, त्याआधी उत्तर आले तर या हंगामाची पऱ्हाटी निदान चाचणीसाठी राखून ठेवता येईल. त्यासाठी आमची गावे ट्रॅक्टर आणि जागा द्यायला तयार आहेत.

आपला,
बदनापूर तालुक्यातील एक कापूस उत्पादक
जिल्हा जालना