मातीचे देणे

पाऊस समुद्राकडून येतो व त्यात जमिनीचा काही वाटा नाही, हा समज आपल्याकडे इतका दृढ झाला आहे की, पावसाच्या बाबतीत आपलेही काही कर्तव्य असू शकेल हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. भोरजवळच्या उत्रोलीच्या भातखाचरांकडे पाहिले, तर हा समज पुरता खरा नाही असे दिसून येईल.

मृगापासून आश्लेषांपर्यंतचा पाऊस समुद्राचा, हे निर्विवाद. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, निवतात आणि बरसतात. परंतु भाताचा दाणा भरतो तो उत्तरा-हस्ताच्या पावसावर, आणि हा पाऊस निराळ्या जातीचा असतो. वारे मंदावलेले असतात; दुपारच्या उन्हाने ओल्या मातीतून व पानांतून निघालेली वाफ त्या गडगडाटी ढगांना बळ देते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ढग बनताना तीच मोकळी होऊन ढगास आणखी उंच चढविते. मोसमाच्या अखेरीस गंगेच्या खोऱ्यातील पावसात जमिनीच्या वाफेचा वाटा पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका असतो, असे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१४ साली दाखविले. समुद्राजवळच्या सह्याद्रीत तो कमी असणार; पण नगण्य म्हणून सोडून देण्याजोगा नव्हे.

झाडे लावली की पाऊस पडलाच, ही घोषणा मात्र आम्हांस मान्य नाही. ओली जमीन हमखास ढग देतेच असे नाही. आणि उत्रोलीची वाफ उत्रोलीवरच पडेल असेही नाही. भाटघरचे पाणी जसे कालव्यांनी खालच्या मुलखाला मिळते, तशी ही वाफही वाऱ्याबरोबर पूर्वेच्या अवर्षणी गावांकडे जाऊ शकते. म्हणूनच येथील ओल ही एकट्या गावाची मालमत्ता नव्हे.

असे असता उन्हाळ्यात डोंगरांवर वणवे पेटतात. गवत जळते, पालापाचोळा जातो, उघडी माती पहिल्याच सरीत ओढ्याला मिळते आणि धरणात गाळ होऊन बसते. मग हस्त लागेपर्यंत वर जाण्याजोगी ओल उरणार कोठून?

वणवे थांबविणे, ताली सावरणे, उतारावर समपातळीत चर खणणे ही कामे गावाने व वनखात्याने मिळून पावसापूर्वी हाती घ्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. समुद्राचे देणे आपल्या हाती नाही. मातीचे देणे आहे.