तलावाचा दरवाजा कोणासाठी?

डहाणू-तलासरीत सार्वजनिक जलतरण तलाव हवा, अशी मागणी कोणी मांडली तर पहिला आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल. जिथे उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाईला हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तिथे पोहण्याच्या तलावाची चैन कशाला? आणि धाकटी डहाणूसारख्या मच्छीमारांच्या गावाला तर समुद्रच अंगणात आहे! हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचा विचार नीट झाला पाहिजे.

पोहण्याचा तलाव म्हणजे श्रीमंतांची चैन, ही समजूत आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. मुंबईत ब्रीच कँडीला समुद्रकाठी असलेल्या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा आहे. पण या नकाशात उतरण्यास हिंदी माणसाला मज्जाव होता, आणि १९४७ नंतरही काही वर्षे तो कायम राहिला. पाण्यात देश आणि दारावर परकी पहारा! चौपाटीवरील मफतलाल बाथच्या तर नावातच 'हिंदू' हा शब्द आहे. अशा वास्तू पाहत वाढलेल्या माणसाला जलतरण तलाव आपला वाटला नाही, तर दोष त्याचा नव्हे.

परंतु याच महाराष्ट्राने पाण्याच्या सार्वजनिकतेचा सर्वांत मोठा लढा दिला, हे विसरून चालणार नाही. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात ते खुले करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्याच्या काठी जावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. 'सार्वजनिक' हा शब्द पाटीवर लिहिल्याने वास्तू सार्वजनिक होत नाही, हा महाडचा धडा आहे.

मग सार्वजनिक तलाव कसा असतो? त्याचे उत्तर महाडच्या सत्याग्रहाच्या आदल्याच वर्षी, १९२६ साली, व्हिएन्ना शहरात बांधून तयार झाले होते. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात उपासमार होती, क्षयाने माणसे मरत होती, आणि कामगारांच्या कोंदट खोल्यांत न्हाणीघर नव्हते. समाजवादी लोकशाहीवादी पक्षाच्या हाती नगरपालिका आली. अर्थखात्याचे ह्यूगो ब्राइटनर यांनी चैनीच्या वस्तूंवर आणि मोठ्या घरांवर चढे कर बसवले. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. 'आधी घरे, मग तलाव' असे त्यांनी म्हटले नाही. फावोरिटेन या कामगार वस्तीच्या मध्यभागी त्यांनी आमालियनबाड हे भव्य स्नानगृह उभारले आणि त्याला आमालिए प्योल्त्सर या आपल्या दिवंगत नगरसेविकेचे नाव दिले.

कार्ल श्मालहोफर आणि ओटो नाडेल या वास्तुकारांची ही रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तेहतीस मीटर लांबीच्या तलावावर काचेचे छत असून ते सरकवून उघडता येईल अशी योजना होती. भोवती प्रेक्षकांसाठी सज्जे, आत बाष्पस्नानाची दालने, आणि भिंतींवर रंगीत फरशांची नक्षी. एका वेळी सुमारे तेराशे माणसांची सोय तिथे होती. जी शोभा तोवर राजवाड्यांची मिरास होती, ती वीटभट्टीवर राबणाऱ्याच्या वाट्याला आली. गरिबासाठी बांधायचे म्हणजे कसेबसे बांधायचे, ही वृत्ती त्या वास्तूने झुगारली. पण पुढचाही इतिहास सांगितला पाहिजे. १९३४ साली तोफा डागून तेथील समाजवाद्यांची सत्ता मोडण्यात आली, आणि १९३८ साली नाझी आल्यावर ज्यूंना शहरातील सार्वजनिक स्नानगृहे बंद झाली. इमारत तीच, पाणी तेच. दरवाजा मात्र बंद. सत्ता कोणाची, हे दरवाजावरून कळते.

आता डहाणूकडे वळू. पहिला आक्षेप पाण्याचा. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा तलावात सुमारे चार लाख लिटर पाणी मावते. ते गाळून पुनःपुन्हा वापरता येते. रोज लागते ती थोडी भर. शेजारच्या धामणी धरणातून सूर्येचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला नेण्याची योजना आहे दररोज ४०३ दशलक्ष लिटरची. एका दिवसाच्या या पाण्याच्या हजाराव्या भागात आपला तलाव भरतो! पाड्यावरची टंचाई तलावामुळे नाही, वाटपामुळे आहे. हंडा आणि तलाव यांना परस्परांविरुद्ध उभे करणे सोयीचे आहे ते ज्यांनी पाणी नेले त्यांना.

दुसरा आक्षेप पैशाचा. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध असताना वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. तेव्हा तिजोरी रिकामी नव्हती.

तिसरा आक्षेप समुद्राचा. कोळ्याच्या पोराला पोहणे वारशाने मिळते, पण आश्रमशाळेतील वारली मुलीला ते कोण शिकवणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. नदी, बंधारे आणि खाड्यांच्या मुलखात पोहता येणे ही चैन नव्हे, जगण्याची विद्या आहे.

म्हणून मागणी नेमकी असावी. तलाव नगरपरिषदेने किंवा नगरपंचायतीने बांधावा आणि स्वतः चालवावा. ठेकेदाराच्या हाती देऊ नये. विद्यार्थ्यांना प्रवेश विनामूल्य असावा. मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि कपडे बदलण्याच्या नीट खोल्या असाव्यात. धाकटी डहाणूच्या कोळी तरुण-तरुणींना रीतसर प्रशिक्षण देऊन तिथे कायम पगारावर नेमावे. पाण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी पिढ्यान्पिढ्या आहे.

१९४५ साली आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांनी वेठीला नकार दिला. आपल्या श्रमाचे मोल मागणाऱ्या त्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांना आपल्या मुलखातल्या पाण्यावर हक्क सांगायला कोणाची परवानगी लागू नये. तलाव उद्या होईल किंवा परवा. पण त्याचा दरवाजा कोणासाठी, हे आजच ठरवावे लागेल.