हुकमी पाने हातात असताना

चंदीगडच्या सेक्टर ३२ मधील आमच्या भाड्याच्या खोलीत गेल्या हिवाळ्यात पोकरचा डाव रंगत असे; पैशांऐवजी राजम्याचे दाणे. एकदा एका मित्राला एक्क्यांची जोडी आली. त्याने पुढ्यातला सारा ढीग मध्ये लोटला. आम्ही सर्वांनी पाने टाकली आणि त्याच्या पदरी जेमतेम चार दाणे पडले. पाने चांगली असली की मोठी बोली, एरवी लहान, हा त्याचा नेम आम्ही केव्हाच ओळखला होता.

बोलीला मर्यादा नसलेल्या पोकरमध्ये भक्कम पानांचे मोल समोरच्याच्या संभ्रमावर ठरते. हिशेब करून पाहा. शेवटच्या फेरीत मध्ये १०० दाणे आहेत. तुमची पाने एकतर सर्वांत भारी, नाहीतर अगदीच टाकाऊ. तुम्ही १०० लावले, तर समोरच्याला २०० मिळवण्यासाठी १०० घालावे लागतात. तुमच्या अशा तीन बोलींपैकी एक हूल असेल, तर त्याने बोली स्वीकारली काय नि पाने टाकली काय, सरासरी फळ सारखेच. बोली ५० ची असेल, तर तीन खऱ्या बोलींमागे एक हूल पुरते. मात्र खरी बोली आणि हूल यांची रक्कम एकच हवी.

जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील ट्युओमास सँडहोम व नोम ब्राउन यांच्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. चेहरे वाचणे तिला ठाऊक नव्हते. तिच्यापाशी होते ते असे संतुलन.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. मला ती योग्य वाटते. खेळाडूंमध्ये एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते. त्यातून चालकाचा वाटा वजा होतो, म्हणजे सर्वांची बेरीज उणेच. कौशल्याने हे गणित बदलत नाही.

परंतु पैशाबरोबर हे शास्त्रही अडगळीत जाऊ नये. लिलाव, वाटाघाटी, संगणक-सुरक्षा या सर्वांत अपुऱ्या माहितीवरच निर्णय घ्यावे लागतात. संभाव्यतेच्या तासाला फासे आणि नाणी चालतात, तर राजम्याचे दाणे का चालू नयेत?

आमचा मित्र आता एक्क्यांवर आणि टाकाऊ पानांवर सारखीच बोली लावतो. परवा त्याने मोठी बोली लावली आणि मी पाने टाकली. त्याच्या हातात काय होते, हे त्याने अजून सांगितलेले नाही.