स्पिअरगन घ्यायची आहे? आधी पाणी बघा

कोलशेत हे खाडीकाठचं गाव. इथल्या आगरी-कोळी घरांतल्या मुलांना पाण्याची भीती नाही. नव्या गृहसंकुलांत राहायला आलेल्यांची मुलंही आता चांगली पोहतात. त्यातल्या काहींनी मोबाइलवर बघितलंय की माणूस श्वास रोखून बुडी मारतो, खडकाआडचा मासा भाल्यानं टिपतो आणि वर येतो. आता त्यांना स्पिअरगन हवी आहे. तुमच्या घरात हा विषय निघाला असेल तर मुलांनी आणि आईवडिलांनी एकत्र बसून हे वाचा.

पहिली गोष्ट अशी की ही बंदूक आपल्या खाडीत चालवायची नाही.

कोलशेतची खाडी म्हणजे समुद्राला मिळायला निघालेली उल्हास नदी. ती घोडबंदरवरून वसईकडे जाते. तिच्यात गाळ आहे. वालधुनीतून आलेलं अंबरनाथ-उल्हासनगरकडचं सांडपाणी आहे. या पाण्यात डोकं घातलं तर स्वतःचा लांब केलेला हात नीट दिसत नाही. भाल्याचं टोकच दिसत नसेल तर टोकापुढे काय आहे ते कसं दिसणार? तिथे कुणाचं जाळं असेल. होडी असेल. घाटाजवळ पोहणारं एखादं पोर असेल.

शिवाय ओहोटी लागली की खाडी ओढते. अंगावर साधा ओरखडा असला तरी या पाण्यानं तो चिघळतो. तेव्हा खाडीत बुडी मारणं हेच मुळात टाळा.

खाडीचा मासा हवा असेल तर गळ टाका, किंवा पाग फेकायला शिका. गावातल्या जुन्या माणसांकडे जा. ती आनंदानं शिकवतील. बोई, शिंगाळा, चिंबोरी, नशीब असेल तर जिताडा, हे सगळं काठावरून किंवा होडीतून मिळतं. त्यासाठी कुणी पाण्याखाली गेलेलं नाही.

मग स्पिअरगन कुठे चालते? जिथे पाणी निवळ आहे तिथे. आपल्या किनाऱ्यावर ठाणे, पालघर, रायगडचा समुद्र बराच गढूळ असतो. दक्षिणेकडे देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला पाणी उघडतं. तेही बारा महिने नाही. पावसाळ्यानंतर नद्यांचा गाळ बसायला वेळ लागतो. साधारण नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने बरे.

त्यातही तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा ओढ कमी असते आणि पाणी जास्त निवळ असतं. कोळी घरांत हे लहानपणापासून माहीत असतं. बाकीच्यांनी कॅलेंडर काढून तिथी पाहावी. सुट्टी शनिवार-रविवारी आहे म्हणून तिथीकडे दुर्लक्ष करू नका.

मालवणला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचा भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथे भाला घेऊन उतरायचं नाही. बाकी ठिकाणीही उतरण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन विचारा. नंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारा. रापण कुठे लागते, जाळी कुठे पडलेली असतात, कुठला खडक टाळायचा, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपण हौसेला गेलेलो असतो. ते नको म्हणाले तर दुसरी जागा बघा.

आता बंदूक.

दुकानात किंवा ऑनलाइन पाहताना नवख्याची नजर सगळ्यात लांब बंदुकीवर जाते. लांब बंदूक म्हणजे लांबचा नेम, असं त्याला वाटतं. स्वच्छ, निळ्या पाण्यात ते खरंही आहे. तिथले लोक शंभर-एकशेदहा सेंटिमीटरच्या बंदुका वापरतात, कारण त्यांना खूप लांबचं दिसतं. आपल्याला चांगल्या दिवशीही मोजकेच मीटर दिसतं. दिसेल त्याच्या पलीकडे मारायची सोय विकत घेऊन करायचं काय? लांब बंदूक पाण्यात वळवायला जड पडते. खडकाच्या कपारीत ती आत जात नाही. आणि तिची सळी तुम्हाला न दिसणाऱ्या जागेपर्यंत पोहोचते, हा सगळ्यात मोठा धोका.

म्हणून पहिली बंदूक ७५ सेंटिमीटरच्या आसपासची घ्या. एका रबराची. तिचा खात्रीचा पल्ला दोन-अडीच मीटर धरा. आपल्या पाण्याला तेवढा पुरतो.

रबराची की हवेच्या दाबाची, असाही प्रश्न येईल. रबराचीच घ्या. हवेच्या बंदुकीला पंप लागतो. आतली सीलं झिजली की ती उघडून दुरुस्त करणारा माणूस ठाण्यात शोधत बसावं लागेल. रबराच्या बंदुकीत बिघडण्यासारखं थोडं असतं आणि जे असतं ते डोळ्यांना दिसतं. रबर चिरलं तर नवं लावलं.

रबर १६ मिलिमीटर जाडीचं पुरे. जाड रबर ताकदीचं असतं, पण ते ओढायलाही तितकीच ताकद लागते. बंदुकीची मूठ छातीला टेकवून दोन्ही हातांनी रबर ओढायचं असतं, तेही पाण्यात तरंगताना. अर्ध्यात हात सुटला तर बोटं सोलवटतात. म्हणून घेण्याआधी कुणाची तरी बंदूक पाण्यात ओढून बघा. धाप न लागता, दहा वेळा. जमत नसेल तर अजून पातळ रबर घ्या. यात कमीपणा कसला? छातीला जाड पॅड लावायला विसरू नका.

चापाची यंत्रणा स्टेनलेस स्टीलची असावी. स्वस्त बंदुकीत ती प्लॅस्टिकची असते. ताणलेल्या रबराचा सगळा भार ती धरून असते, तेव्हा इथे पैसे वाचवू नका. सळी साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, टोकाजवळ मासा निसटू नये म्हणून एकच पंखी. दोन रोलरच्या, चार रबरांच्या बंदुका पहिल्या वर्षी बघूसुद्धा नका.

सेफ्टीचा खटका असतो. त्याच्यावर विसंबू नका. बंदूक पाण्याबाहेर कधीही भरायची नाही. होडीत नाही, किनाऱ्यावर नाही, ‘एकदा बघू’ म्हणून घराच्या गॅलरीत तर नाहीच. पाण्यातून वर यायच्या आधी रबर उतरवायचं. भरलेली असो वा रिकामी, तिचं तोंड माणसाकडे जाता कामा नये. हा नियम मोडणाऱ्यासोबत पुन्हा पाण्यात जाऊ नका, तो सख्खा भाऊ असला तरी.

आणि दोघांनी मिळून एकच बंदूक घ्या. आईवडिलांनो, मुलगा म्हणाला की मित्रानं त्याची घेतली, मलाही हवी, तर इथे ठाम राहा. दोघांकडे दोन बंदुका असल्या की दोघंही मासा शोधतात आणि एकमेकांकडे कुणी बघत नाही. एकच बंदूक असली की एक खाली जातो आणि दुसऱ्याला वर राहून बघावंच लागतं.

हे बघणं का लागतं, ते नीट समजून घ्या. या छंदात भाल्यापेक्षा श्वास जास्त घात करतो. माणसाला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. बुडीआधी भराभर, खोल श्वास घेतले की तो वायू कमी होतो, पण प्राणवायू फारसा वाढत नाही. मग खाली गेल्यावर श्वासाची ओढ लागत नाही. माणसाला वाटतं, आज छान जमतंय. प्राणवायू मात्र संपत आलेला असतो. वर येता येता किंवा वर आल्यावर तो बेशुद्ध होतो. तडफड नाही, हाक नाही. चांगला पोहणारा माणूसही यात जातो.

म्हणून भराभर श्वास घेऊन बुडी मारायची नाही. शांतपणे, नेहमीसारखे श्वास घ्यायचे. जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती. वर आलेल्याकडे जोडीदारानं पुढची तीस सेकंदं डोळे लावून राहायचं. तो हसला, ‘ठीक आहे’ म्हणाला, तरी. कमरेचा शिशाचा पट्टा एका हाताच्या झटक्यात सुटला पाहिजे. किनाऱ्यावर उभं राहून तो सोडायचा सराव करा. पायाला किंवा कमरेला छोटी सुरी ठेवा, कारण खडकांवर तुटलेली जाळी अडकलेली असतात.

सोबत रंगीत बोया आणि त्यावर झेंडा हवाच. वरून जाणाऱ्या होडीवाल्याला तुमचं डोकं दिसत नाही.

हे सगळं वाचून शिकता येत नाही. श्वास रोखून बुडी मारायला शिकवणारा प्रशिक्षक शोधा आणि त्याच्या डोळ्यांदेखत शिका. पैशांचा क्रमही तसाच लावा. आधी शिकणं, मग चेहऱ्याला नीट बसणारा मास्क, मग फिन आणि बोया. बंदूक शेवटी. पहिला हंगाम बंदुकीशिवाय गेला तरी चालेल. पाण्याखाली वस्तू जवळ आणि मोठी दिसते. पाऊण मीटरवर वाटणारा मासा खरं तर एक मीटरवर असतो. ही नजर बसायला बंदूक लागत नाही.

ऑनलाइन मागवण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या. नेताना सळी वेगळी काढा, टोकाला टोपण लावा, सगळं बंद पिशवीत ठेवा. गर्दीच्या लोकलमध्ये ती पिशवी नेऊ नका. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही.

मासा ओळखू आला नाही तर चाप ओढू नका. कासव, देवमासा, समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पाकटाच्या शेपटीत विषारी काटा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. हेकरूच्या जातींमध्ये बरेच मासे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. खडकावरचे सगळे मोठे हेकरू मारले तर मागे नर कुठून राहणार? मोठा दिसला तरी सोडून द्या. पिल्लूही मारू नका. राज्य सरकारनं २०२३मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली आहे, ती विचारून घ्या. गळाला लागलेलं पिल्लू परत सोडता येतं, भाल्याला लागलेलं नाही. घरी खाल तेवढाच मासा आणा.

घरी आल्यावर बंदूक गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, चापाजवळचं मीठ निघू द्या आणि सावलीत वाळवा. उन्हानं रबर चिरतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तुम्हीही समुद्राकडे जाऊ नका. रबर काढून सावलीत वेगळं ठेवा, सळीला तेलाचा हात लावा आणि ती लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. दिवाळीनंतर काढाल तेव्हा रबर ताणून बघा. एक जरी चीर दिसली तरी नवं घ्या.