ब्रेक मऊ लागतोय

स्कूटरचा ब्रेक थोडा कमी लागला की आपण काय करतो? सरळ पाय घासतो. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीत निम्म्या स्कूटर चपलेवरच थांबत असतील :-) पण ज्याला पाय टेकताच येत नाही, त्याचं काय? त्याच्या गाडीला लीव्हर सोडून दुसरा ब्रेक नाही.

हे सुचलं ते नात्यातल्या एकाच्या गाडीमुळे. पायाला पोलिओ, म्हणून स्कूटरला मागे साइड व्हील लावून घेतली. घरच्यांनी सगळं विचारलं: चाकं किती टिकतील, रंग जुळेल का, आरटीओत नोंद होईल का. (नोंद करावीच लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्यासाठी.) ब्रेकचं मात्र कोणी विचारलं नाही, आणि बसवणाऱ्यानेही काढलं नाही. घरी आल्यावर उजवा लीव्हर पार मुठीला टेकत होता.

माझं मत स्पष्ट आहे. चाकं लावणाऱ्याने ब्रेक तपासूनच गाडी द्यावी, त्याच पैशात. "ते काम आमचं नाही" हे चालणार नाही. गाडीचं वजन वाढवलंत ना तुम्ही?

गाडी कामासाठी आडवी पाडली आणि टाकीत ब्रेक ऑइल कमी असलं, तर लाइनमध्ये हवा जाऊ शकते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून लीव्हर मऊ. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर कडक झाला तर बहुतेक हवाच. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिला आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय; मग कितीही हवा काढा, उपयोग नाही. डावा लीव्हर ढिला असेल तर तो बहुतेक स्कूटरमध्ये मागच्या ड्रमच्या केबलचा प्रश्न. पण १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत २०१९ पासून कॉम्बी ब्रेक आलाय, डावा दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे मेकॅनिकचाही गोंधळ होतो.

हवा काढायला दोन माणसं पुरतात. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात. एकाने दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडायचा आणि लीव्हर सुटायच्या आत बंद करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मध्ये टाकी रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू! ऑइल झाकणावर लिहिलेलंच घ्यावं, आणि सीलबंद. फोडून ठेवलेली बाटली आपल्या पावसाळी हवेतलं पाणी ओढते. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शिरल्यावर ते १५५ पर्यंत येऊ शकतं. घाट उतरताना हा फरक कळतो.

एवढं करूनही एक गोष्ट उरते, आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. या साइड व्हीलना सहसा ब्रेक नसतो. मधलं चाक खड्ड्यात आणि बाजूची दोन्ही काठांवर अशी गाडी आली, की मागचा ब्रेक अधांतरी फिरणाऱ्या चाकाला लागतो. आपल्याकडे खड्ड्यांना काय तोटा! म्हणजे भार सगळा पुढच्या ब्रेकवर.

असो. आता ती गाडी नीट थांबते. आम्ही रिकाम्या गल्लीत खडूने रेघ मारली, तोच चालवत आला, दहा वेळा. आमच्यापैकी कोणी चालवून "ठीक आहे" म्हणणं त्याला मान्यच नव्हतं.