अक्षरांचें कुटुंब

आमच्या कैलासवासी तीर्थरूपांनीं सुभाषितांवर लिहिलेली मराठी टीका आम्हीं गेल्या वर्षीं छापली. वहींत मूळ श्लोकांतील जो शब्द उचलून त्याचा अर्थ सांगावयाचा, तो त्यांनीं तांबड्या शाईनें लिहिला होता. छापतांना तांबड्याच्या जागीं ठळक अक्षर घालावें असें ठरलें, आणि जुळणी आमच्या नातवानें संगणकावर केली.

शंभर प्रती बांधून घरीं आल्या. पहिलें पान उघडतांच छातींत धस्स झालें. ठळक असें एकही अक्षर नव्हतें! श्लोकांतला शब्द कोठें संपतो आणि तीर्थरूपांचें बोलणें कोठें सुरू होतें, हें संस्कृत जाणणारासच कळावें. आणि जो संस्कृत जाणतो त्यास टीका कशास हवी? मुद्रितें आम्हींच तपासलीं होतीं. पण आमचा डोळा ऱ्हस्वदीर्घावर!

नातवानें प्रत्येक शब्दास 'ठळक' अशी आज्ञा दिलेली होती. मग ती गेली कोठें? त्यानें वापरलेली 'झीटेक' ही डोनाल्ड क्नुथ यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'टेक' प्रणालीची शाखा. जोनाथन क्यू यांनीं ती २००४ सालीं काढली. तींत 'फॉण्टस्पेक' नांवाच्या पॅकेजानें अक्षरें नेमावयाचीं असतात. साधें, ठळक, तिरपें आणि ठळक-तिरपें अशीं चार भावंडें मिळून एक अक्षरकुटुंब होतें. (आमच्या पिढींत 'कुटुंब' म्हणजे पत्नी, त्यामुळें नातू 'कुटुंब नीट नेमलें नव्हतें' असें म्हणाला, तेव्हां स्वयंपाकघरांतून पृच्छा झाली.) संगणकांत बसविलेल्या फॉण्टचें नांव सांगितलें, तर फॉण्टस्पेक त्याचीं भावंडें आपण होऊन शोधतें. फाइलीचें नांव सांगितलें, तर मात्र तेवढीच फाइल घेतें. ठळक फाइल कोणती, हें 'बोल्डफॉण्ट' म्हणून निराळें लिहावें लागतें. नातवानें आयआयटी मुंबईच्या 'शोभिका'ची साधी फाइल सांगितली, ठळक सांगितली नाहीं. अशा वेळीं प्रणाली अडून बसत नाहीं. साधेंच अक्षर घालून पुढें जाते आणि 'लॉग' नांवाच्या टिपणवहींत तशी सूचना लिहून ठेवते. ती वही उघडतो कोण?

तिरप्याचेंही असेंच. व्हेनिसच्या आल्डुस मानुत्सियोनें १५०१ सालीं व्हर्जिलचीं काव्यें तिरप्या अक्षरांत छापलीं. पुढें तें अक्षर रोमन लिपींत साध्याचें भावंड होऊन बसलें. नागरींत ही चाल नाहीं. शोभिकेंत साधें व ठळक हीं दोनच आहेत. प्रणालीकडून कृत्रिम तिरपेपणा आणवितां येतो, पण मग काने पडावयास आलेल्या भिंतीसारखे दिसतात. तिरप्याच्या जागींही ठळकच नेमावें, हें आमचें मत.

लिपि देवनागरी हेंही त्याच ओळींत सांगावें. न सांगितल्यास जोडाक्षरें फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागें जाऊन बसते. भाषा मराठी असें सांगितलें, तर ज्या फॉण्टांत सोय असेल त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

नातवानें ती ओळ आतां दुरुस्त केली आहे. पण छापलेल्या प्रतींस तिचा काय उपयोग? आम्ही रोज सकाळीं तांबडी पेन्सिल घेऊन बसतों आणि वहीशीं ताडून एकेका शब्दाखालीं रेघ ओढतों. एकेचाळीस प्रती झाल्या आहेत.