सायबर हल्ले अनेक, उपाय एकच कसा?

सायबर हल्ल्याची बातमी आली की आपले उद्योजक अँटीव्हायरसची मुदत तपासतात आणि निर्धास्त होतात. पण हल्ल्यांचे प्रकार वेगळे असतात; एकावरचा उतारा दुसऱ्यावर चालत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. तिथे मालवेअरच्या आधारे उभा केलेला बनावट स्विच बँकेच्या नावाने एटीएम व्यवहार मंजूर करत राहिला. जून 2017 मध्ये उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाचे टर्मिनल नॉटपेट्यामुळे ठप्प झाले. हा मालवेअर युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता. जुलै 2024 मध्ये रॅन्समवेअरचा फटका सी-एज या तंत्रसेवा कंपनीला बसला, पण तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 300 लहान बँकांचे डिजिटल व्यवहार अडले. चौथ्या प्रकारात तर मालवेअरही लागत नाही: ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा पुरवठादाराच्या नावाचा ईमेल येतो आणि लेखा विभाग स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. या चारही प्रकारांत घात विश्वासातल्या वाटेने झाला. म्हणून ‘कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’ याआधी ‘कोणाचा शब्द आपण न तपासता मानतो?’ हे विचारायला हवे.

‘आमच्यासारख्या छोट्यांच्या मागे कोण लागणार?’ असे अनेकांना वाटते. उरणच्या टर्मिनलच्या मागेही कोणी लागले नव्हते. रोख युक्रेनवर होता, तरी इथले कंटेनर अडकले. अपडेटच विषारी निघत असेल तर ते करायचे कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र आत शिरल्यावर नॉटपेट्या विंडोजमधल्या ज्या त्रुटीचाही वापर करून पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिली होती. अपडेट टाळणाऱ्याचे नुकसान अधिकच होते. राहिला खर्चाचा मुद्दा. बदललेले खाते जुन्या, ओळखीच्या नंबरवर फोन करून पडताळायला पैसे लागत नाहीत. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवणे आणि ती खरोखर उघडते का हे पाहणे लहान कारखान्यालाही जमते. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने सुरक्षेची कोणती जबाबदारी घेतली, हे करारात लिहून घेता येते.

एवढे करूनही हल्ला झालाच, तर अब्रूच्या भीतीने तो लपवू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा.